तेल, धूर आणि कर : कॅनडातील एक वाद

करांच्या इतिहासावर व्याख्यान आहे असे जाहीर झाले म्हणजे नेमक्या त्याच संध्याकाळी बऱ्याच श्रोत्यांना घरी काम निघते, अशी व्याख्यानमालांच्या चिटणिसांची तक्रार असते. त्यात श्रोत्यांचा फारसा दोष नाही. लढायांच्या कथेत तलवारी असतात, राज्यक्रांतीच्या कथेत तुरुंग फुटतात. कराच्या कथेत बहुधा आकड्यांचे तक्तेच पुढे येतात. पण आज जी हकीकत सांगायची आहे, तीत एका करापायी एक सरकार पडले, दुसऱ्या करापायी एका प्रांताने तेलाच्या विहिरींचे तोंड आवळले, आणि तिसऱ्या करासाठी सर्वोच्च न्यायालयाला 'कर' या शब्दाचा अर्थ लावत बसावे लागले. हे सारे एकाच देशात, कॅनडात, १९७९ ते २०२५ या काळात घडले. प्रश्न एकच होता. जमिनीतून निघणाऱ्या तेलावर, आणि ते जाळल्याने हवेत जाणाऱ्या वायूवर, सरकारने कर घ्यावा काय? आणि घेतला तर तो पैसा कोणाचा?

हा प्रश्न कॅनडातच इतका तिखट का झाला, हे समजण्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. त्या देशाची बहुसंख्य वस्ती पूर्वेकडे, ओंटारिओ आणि क्वेबेक या दोन प्रांतांत आहे. तेल आहे ते पश्चिमेकडे, मुख्यतः आल्बर्टा प्रांतात. मते एकीकडे आणि विहिरी दुसरीकडे, अशी ही वाटणी. त्यात आणखी एक जुने शल्य आहे. १८६७ साली कॅनडाचे संघराज्य झाले तेव्हा त्यात सामील झालेल्या मूळ प्रांतांकडे आपापल्या जमिनी आणि खाणी राहिल्या. पण आल्बर्टाला आपल्या भूमीखालच्या संपत्तीवर हक्क मिळण्यास १९३० साल उजाडावे लागले. तोपर्यंत ती केंद्राच्या ताब्यात होती. पुढे १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटन शहराच्या दक्षिणेस लडूक येथे मोठा तेलसाठा लागला आणि गव्हाच्या शेतकऱ्यांचा हा प्रांत श्रीमंत झाला. नशिबाने उशिरा दिलेली वस्तू माणूस घट्ट धरून ठेवतो. आल्बर्टाच्या माणसाला तेलाविषयी जे वाटते त्यात लोभ आहेच, पण मागच्या पिढीचा हा अपमानही आहे.

१९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले. केंद्र सरकारने देशांतले भाव जगाच्या भावाखाली दाबून धरले, अमेरिकेत जाणाऱ्या तेलावर निर्यातकर बसविला, आणि पूर्वेकडचे प्रांत जे परदेशी तेल घेत त्याची किंमत त्या करातून उतरविली. पूर्वेकडच्या गृहस्थाला हा सरळ न्याय वाटला; आपल्याच देशाचे तेल आपल्याला स्वस्त मिळू नये काय? पश्चिमेकडच्याला मात्र ही उघड लूट वाटली, कारण ओंटारिओच्या कारखान्यांचा माल त्याला कोणी कमी भावात देत नव्हते.

अशा वेळी, जून १९७९ मध्ये, जो क्लार्क पंतप्रधान झाले. हे आल्बर्टाचेच गृहस्थ, हुजूर पक्षाचे. अधिकारावर आले तेव्हा चाळिशी गाठण्यास एक दिवस बाकी होता. २८२ जागांच्या लोकसभेत त्यांच्याकडे १३६ जागा होत्या, बहुमत नव्हते. तरीही बहुमत असल्याप्रमाणेच कारभार करू, असे त्यांनी ठरविले. इराणातील क्रांतीने तेल पुन्हा महागले होते. ११ डिसेंबर रोजी अर्थमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी अंदाजपत्रक मांडले. त्यात मोटारीच्या इंधनावर गॅलनमागे १८ सेंटांची करवाढ होती. त्यांच्या गॅलनमध्ये साडेचार लिटर. म्हणजे लिटरला सुमारे चार सेंट. तूट भरून काढावी आणि लोकांनी तेल जपून वापरावे, असा दुहेरी हेतू. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पण निवडणूक होऊन सात महिने झालेले, नाताळ तोंडावर आलेला आणि बाहेर बर्फ पडत असलेले, अशा वेळी लोकांनी अर्थशास्त्र वाचावे ही अपेक्षा थोडी जास्तच होती.

दोनच दिवसांनी, १३ डिसेंबरच्या रात्री, मतदान झाले. लिबरल पक्षाने आपले आजारी सभासदसुद्धा आणून बसविले. हुजूर पक्षाचे तिघे गैरहजर होते. परराष्ट्रमंत्री तर युरोपात होत्या. सरकार १३९ विरुद्ध १३३ मतांनी पडले. क्वेबेकमधील एका लहान पक्षाचे पाच सभासद तटस्थ राहिले आणि त्यांची तटस्थता महाग पडली. त्यांची मागणी काय होती, हे येथे मुद्दाम सांगतो. कर नको असे ते म्हणत नव्हते. त्या कराचे उत्पन्न क्वेबेकला द्या, असे म्हणत होते. क्लार्क यांनी नकार दिला.

हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या कथेत तो पुनःपुन्हा येणार आहे. कर किती, यापेक्षा तो जातो कोठे, याकडे करदात्याचे लक्ष अधिक असते. आपल्याकडील एक दाखला देतो. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेसुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा पट्टी बसली आणि तो पैसा रस्त्यांच्या निधीत वेगळा काढण्यात आला. मोटारवाल्याने दोन आणे दिले आणि त्याच्या चाकाखाली खडी आली. दिले ते डोळ्यांना दिसते, तेव्हा कुरकुर फार काळ टिकत नाही. क्लार्क यांचे १८ सेंट मात्र सरकारी तिजोरीच्या तुटीत जाणार होते, आणि तूट ही वस्तू कोणाच्या चाकाखाली येत नाही.

निवडणूक झाली. गंमत अशी की लिबरल पक्षाचे नेते पिएर ट्रुडो यांनी तीन आठवड्यांपूर्वीच निवृत्ती जाहीर केली होती. ते परत फिरले आणि १८ फेब्रुवारी १९८० रोजी १४७ जागा जिंकून पुन्हा पंतप्रधान झाले. पण त्या १४७ पैकी ओंटारिओच्या पश्चिमेकडून आलेले सभासद अवघे दोन, आणि तेही मॅनिटोबाचे. आल्बर्टातून एकही नाही. ज्या प्रांताच्या तेलाविषयी निर्णय घ्यायचा, त्या प्रांताचा एकही लोकप्रतिनिधी सरकार पक्षाच्या बाकांवर नाही, अशी ही स्थिती. २८ ऑक्टोबर १९८० च्या अंदाजपत्रकात 'राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम' आला. तेल आणि वायूच्या उत्पन्नावर ८ टक्के नवा कर, देशांतला भाव जगाच्या भावाखालीच, आणि तेलधंद्यात कॅनडाच्या भांडवलाचा वाटा वाढविण्याची योजना.

दोन दिवसांनी आल्बर्टाचे मुख्यमंत्री पीटर लॉहीड दूरचित्रवाणीवर आले. त्यांनी शांतपणे सांगितले की प्रांत आपले उत्पादन तीन टप्प्यांत घटवील, दर टप्प्याला रोज ६०,००० पिंपे. मात्र देशात खरीखुरी टंचाई झाली तर ही कपात थांबविण्यात येईल. या शेवटच्या अटीत त्यांचे शहाणपण दिसते. रागाच्या भरात मोटारींच्या मागे 'पूर्वेकडच्यांना अंधारात गारठू द्या' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या चिकटविणाऱ्यांचे पुढारीपण करणे सोपे होते. लॉहीड यांनी नळ आवळला, पण तोडला नाही. दोन टप्पे झाले. १ सप्टेंबर १९८१ रोजी तडजोड झाली, देशांतले भाव वाढू देण्याचे ठरले, आणि ट्रुडो व लॉहीड यांनी शँपेनचे पेले उंचावल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत आले. त्या छायाचित्राचा लॉहीड यांना पुढे पश्चात्ताप झाला. ज्या १८ सेंटांसाठी क्लार्क यांना जावे लागले, त्याहून कितीतरी अधिक वाढ पुढल्या दोन वर्षांत पंपावर झाली. पण तोवर त्याचे कोणाला काय!

नंतर जगातच तेल कोसळले, व्याजाचे दर चढले, कॅल्गरीत घरांवरची कर्जे बुडाली. आल्बर्टात याचे सारे खापर त्या कार्यक्रमावर फुटले. मला ते पुरते पटत नाही. १९८६ साली टेक्सासचीही तीच दशा झाली, आणि टेक्सासवर ट्रुडो यांचे राज्य नव्हते. तथापि इतिहासात जे घडले त्याइतकेच लोकांच्या मनात जे राहिले तेही महत्त्वाचे असते. मुलरोनी यांच्या सरकारने १९८५ पासून तो कार्यक्रम मोडीत काढला, पण ट्रुडो हे नाव आल्बर्टाच्या घरोघरी एका विशिष्ट स्वरात उच्चारले जाऊ लागले. त्या वेळी त्यांचा थोरला मुलगा शाळेत जात होता.

यानंतर वादाची भूमीच बदलली. तेल कमी आहे म्हणून कर, हा जुना युक्तिवाद मागे पडला. तेल जाळल्याने हवा तापते म्हणून कर, हा नवा पुढे आला. त्याचे गणित साधे आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. पण ते जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले, असे कोणी विचारील. पेट्रोलमधील कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचे हे वजन. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो शेकडो वर्षे हवेत राहतो. ए. सी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच म्हटले होते की ज्याच्या धंद्याने दुसऱ्याचे नुकसान होते, त्याच्याकडून त्या नुकसानाची किंमत कररूपाने घ्यावी. फिनलंडने १९९० साली आणि स्वीडनने १९९१ साली हे तत्त्व कार्बनला लावले.

कॅनडात पहिला मोठा प्रयोग पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने केला, आणि तो डाव्यांनी नव्हे तर मध्यम-उजव्या विचाराचे मुख्यमंत्री गॉर्डन कँपबेल यांनी केला. १ जुलै २००८ पासून टनामागे १० डॉलर, दर वर्षी ५ डॉलरची वाढ, २०१२ मध्ये ३० डॉलर. या करातून येणारा सर्व पैसा दुसरे कर उतरवून लोकांना परत करायचा, आणि तसे न झाल्यास अर्थमंत्र्यांच्या वेतनाला कात्री, अशी तरतूद होती. (अशी तरतूद प्रत्येक अंदाजपत्रकात असावी असे कोणास वाटले तर मी विरोध करणार नाही.) कर सुरू होण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाला १०० डॉलर देण्यात आले. विरोधी नवलोकशाही पक्षाने, म्हणजे डाव्यांनी, 'कर तोडा' अशी आरोळी ठोकली, आणि मे २००९ च्या निवडणुकीत त्यांचाच पराभव झाला. प्रांतात कर टिकला.

त्याच सुमारास केंद्रात मात्र उलटे झाले. लिबरल पक्षाचे नेते स्तेफान दियाँ यांनी असाच कर आणून आयकर उतरवू, असे वचन दिले. योजना विद्वत्तेची होती. दियाँ हेही प्राध्यापकच. हार्पर यांनी तिला 'प्रत्येक वस्तूवरचा कर' ठरविले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये दियाँ यांचा पक्ष ७७ जागांवर आला. दोन निकालांत इतका फरक का? माझ्या मते, कँपबेल यांनी शंभर डॉलर हातात ठेवून मग कर मागितला; दियाँ यांनी कर सांगितला आणि परताव्याविषयी विश्वास मागितला.

पुढे त्या शाळकरी मुलाचे, म्हणजे जस्टिन ट्रुडो यांचे, राज्य आले. त्यांच्या सरकारने २०१८ मध्ये कायदा केला. ज्या प्रांताचा स्वतःचा पुरेसा कार्बन-कर नाही तेथे केंद्र तो बसवील. १ एप्रिल २०१९ पासून ओंटारिओ, मॅनिटोबा, सॅस्काचवान आणि न्यू ब्रन्स्विक या प्रांतांत टनामागे २० डॉलर, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला ४.४२ सेंट, लागू झाले. त्यातील सुमारे ९० टक्के रक्कम कुटुंबांना परत. आल्बर्टात नॉटली बाईंच्या डाव्या सरकारने २०१७ मध्ये स्वतःचा कर आणला होता. २०१९ मध्ये जेसन केनी निवडून येताच त्यांनी तो रद्द केला, आणि १ जानेवारी २०२० पासून तेथेही केंद्राचा कर आला. चाळीस वर्षांनंतर ओटावाहून पुन्हा एक ट्रुडो तेलावर हात घालतो आहे, हे आल्बर्टाला समजावून सांगण्यास केनी यांना फार वक्तृत्व लागले नाही.

तीन प्रांत न्यायालयात गेले. सॅस्काचवान आणि ओंटारिओच्या अपील न्यायालयांनी केंद्राच्या बाजूने निर्णय दिला, आल्बर्टाच्या न्यायालयाने विरुद्ध. अखेर २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. न्यायालयाने म्हटले की ही रक्कम घटनेच्या अर्थाने कर नाही. तो वर्तन बदलण्यासाठी बसविलेला नियामक आकार आहे. सरकार आधीपासून 'प्रदूषणाची किंमत' असेच म्हणत होते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक खरा आहे: कर तिजोरी भरण्यासाठी असतो, आकार एखादी सवय मोडण्यासाठी. पण पंपावर उभ्या असलेल्या माणसाने नळी हातात धरून हा फरक कसा करावा? त्याच्या दृष्टीने जो सरकारला द्यावा लागतो तो कर. विरोधकांनी तीन अक्षरांचा तो इंग्रजी शब्द सोडला नाही, आणि शब्दांच्या लढाईत ते पहिल्या दिवसापासून पुढे राहिले.

ओंटारिओ सरकारने तर २०१९ च्या ऑगस्टअखेरपासून प्रत्येक पंपावर या कराची किंमत सांगणारी चिठ्ठी चिकटविण्याची सक्ती केली. न्यायालयाने २०२० मध्ये ती सक्ती रद्द केली. पण तत्पूर्वीच बऱ्याच ठिकाणी त्या चिठ्ठ्या आपणहून सुटू लागल्या होत्या, कारण डिंक निकृष्ट होता. सरकारी कामाचा हा नमुना केवळ आपल्याकडेच असतो असे नाही.

हसण्याची गोष्ट बाजूला ठेवू. पंपावरची चिठ्ठी दिसत होती. परतावा मात्र दिसत नव्हता. प्रथम तो आयकराच्या विवरणपत्रातच वळता होई, म्हणजे परत मिळालेला पैसा इतर आकड्यांत मिसळून जाई. २०२२ पासून तीन-तीन महिन्यांनी बँकेत जमा होऊ लागला, पण खात्याच्या उताऱ्यावर त्याचे नाव असे काही येई की तो कशाचा आहे ते उमगत नसे. २०२४ मध्ये सरकारने नाव बदलून 'कार्बन परतावा' केले. तेव्हा पाच वर्षे होऊन गेली होती. त्या वर्षी आल्बर्टातील चौघांच्या कुटुंबाला वर्षाचे १,८०० डॉलर मिळत होते. ही लहान रक्कम नव्हे. तरी अनेक कुटुंबांना आपल्याला काही मिळते हेच ठाऊक नव्हते. दर आठवड्याला देताना बोचणारी आणि तिमाहीस मुक्याने येणारी, अशी ती रक्कम होती.

विरोधकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ज्या गावाला बस नाही, जेथे शेजारचे दुकान चाळीस मैलांवर आहे आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश उतरतो, तेथला शेतकरी मोटार सोडून काय करणार? धान्य वाळविण्यासाठी लागणारा वायू तो कोठून वाचविणार? शेजारच्या अमेरिकेत असा राष्ट्रीय कर नाही, मग आमच्या मालाने तिच्याशी स्पर्धा कशी करावी? ग्रामीण कुटुंबांना परताव्यात थोडी भर दिली होती, पण या प्रश्नांची उत्तरे नुसत्या भरीने मिळत नाहीत.

तरीही मला वाटते की या कराला खरा घाव विरोधकांनी घातला नाही. तो सरकारनेच घातला. १ जुलै २०२३ पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत हा आकार लागू झाला. तेथे पुष्कळ घरे तेल जाळून उबदार ठेवतात, आणि तेथून लिबरल पक्षाचे बरेच सभासद निवडून येत. त्यांनी आरडाओरड केली. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रुडो यांनी घर तापविण्याच्या तेलावरील आकार तीन वर्षांसाठी थांबविला. सवलत कागदावर साऱ्या देशाला होती. पण पश्चिमेकडची घरे तापतात ती नैसर्गिक वायूवर, आणि वायूवरचा आकार कायम राहिला! तेल हे त्या दोहोंत अधिक धूर करणारे इंधन. एका केंद्रीय मंत्र्यांनी तर सुचविले की पश्चिमेच्या प्रांतांनाही सवलत हवी असेल तर त्यांनी अधिक लिबरल सभासद निवडून द्यावेत. १९८० साली जे मनात धरले गेले होते, तेच २०२३ मध्ये मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडले. सॅस्काचवानने १ जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरील आकार वसूल करणेच थांबविले. नियम सर्वांना सारखा आहे, या एकाच खांबावर ती इमारत उभी होती.

१ एप्रिल २०२४ रोजी दर टनामागे ८० डॉलर झाला. पेट्रोलच्या लिटरला १७.६ सेंट. क्लार्क यांचा कर लिटरला चार सेंटांचा होता. १९७९ नंतर कॅनडातील किंमती सुमारे चौपट झाल्या आहेत. तेव्हा महागाईचा हिशेब धरता ज्या बोज्याने क्लार्क पडले, जवळजवळ तोच बोजा पंचेचाळीस वर्षांनी कॅनडाच्या मोटारवाल्याच्या खांद्यावर आला होता. हुजूर पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह यांनी 'कर तोडा' ही ब्रिटिश कोलंबियातील डाव्यांची जुनी घोषणा उचलली आणि देशभर फिरविली.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रुडो यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी आलेले मार्क कार्नी हे मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर. कार्बनला किंमत असावी असे त्यांनी पूर्वी आग्रहाने मांडले होते. १४ मार्च रोजी शपथ घेतल्यावर त्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरील आकार शून्य करण्याच्या कागदावर सही केली. मोठ्या कारखान्यांवरील आकार तेवढा ठेवला. १ एप्रिलपासून पंपावरचे भाव उतरले. त्याच दिवशी ब्रिटिश कोलंबियानेही आपला सतरा वर्षांचा कर बंद केला. २२ एप्रिलपासून परताव्याचा शेवटचा हप्ता लोकांच्या खात्यांत जमा झाला, आणि २८ एप्रिलच्या निवडणुकीत लिबरल पक्षच पुन्हा अधिकारावर आला. 'कर तोडा' म्हणणारे पॉलिएव्ह ओटावाजवळच्या आपल्या स्वतःच्या मतदारसंघात पडले.